पिन बसली म्हणजे फोन जुळला, असं नाही

मी मेलकावेरीहून, म्हणजे तमिळनाडूतल्या कुंभकोणमहून, बोलतो आहे.

आजचा विषय दिसायला लहान आहे. सेकंडहँड हेडसेट टेबलावरच्या फोनला कसा जोडायचा? हा प्रश्न मला वेगवेगळ्या गावच्या लोकांनी विचारला. कुणी दवाखान्यात अपॉइंटमेंट घेणारं, कुणी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बसणारं, कुणी पतपेढीत. तक्रार मात्र सगळ्यांची एकच. पिन फोनमध्ये नीट बसते, 'टक्' असा आवाजही येतो, आणि तरी एकतर आपल्याला ऐकू येत नाही, नाहीतर आपलं बोलणं पलीकडे पोचत नाही. दुकानदार म्हणतो, हेडसेट चांगला आहे. फोनवाला म्हणतो, फोन चांगला आहे. गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात.

आज एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पिन बसणं हे प्लास्टिकचं काम आहे, आवाज जाणं-येणं हे विजेचं. पहिलं जमलं म्हणून दुसरं जमेलच असं नाही. दुसरं जमवायला तीन प्रश्नांची उत्तरं लागतात. फोनचं कोणतं सॉकेट वापरायचं? चार तारांपैकी कोणती कशाची? आणि हेडसेटचा माइक कोणत्या जातीचा आहे? ही तीन उत्तरं मिळाली की काम अर्ध्या तासाचं.

हेडसेट हवाच कशाला?

कारण मान. रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरायचा, एका हाताने रजिस्टर सांभाळायचं, दुसऱ्याने लिहायचं. दिवसातून दोन फोन असतील तर काही बिघडत नाही. साठ-सत्तर असतील तर बिघडतं.

आमच्या अक्काचं उदाहरण सांगतो. अक्का इथल्या एका लॉजमध्ये फोनवर बसते. तुम्हाला वाटेल, कुंभकोणममध्ये मराठी बोलणारी अक्का कुठून आली? व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापन केलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं. त्या काळात या बाजूला आलेली मराठी घराणी इथलीच होऊन गेली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. आमच्यासारखी साधी घरंही त्याच ओघातली. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ.

या दोन भाषांमुळेच अक्काला ती नोकरी मिळाली. कुंभकोणमच्या आसपास नवग्रहांची नऊ देवळं आहेत. ती करायला महाराष्ट्रातून पुष्कळ मंडळी येतात. त्यांचे फोन अक्का घेते. खोली आहे का, गाडी मिळेल का, जेवणात चपाती असते का, सगळं मराठीतून सांगते. लगेच पुढचा फोन तमिळमधून. बारा वर्षांनी येणारा महामहम आला की मग विचारूच नका. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये.

गेल्या वर्षी तिची मान इतकी धरली की डावा हात मुंग्या येऊन सुन्न पडायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रिसीव्हर खांद्याला लावणं बंद करा, नाहीतर फोनचं कामच बंद करा. बावन्नाव्या वर्षी दुसरं काम कोण देणार? नवा हेडसेट तिच्या खिशाला परवडणारा नव्हता. म्हणून चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरून जुना मागवला. आजचा भाग त्याच हेडसेटवर करून दाखवतो आहे.

जुने हेडसेट येतात कुठून?

बहुतेक कॉल सेंटरमधून. ऑफिस बंद झालं, जागा बदलली, लोक घरून काम करायला लागले, की हेडसेट पोत्याने विकले जातात. चेन्नईत रिची स्ट्रीट, मुंबईत लॅमिंग्टन रोड, बंगळूरला एस. पी. रोड, हैदराबादला कोटीची गुजराती गल्ली, दिल्लीला नेहरू प्लेस, अशा बाजारांत ते मिळतात. माल पुष्कळदा उत्तम असतो, कारण तो रोज आठ-आठ तास वापरायला बनवलेला असतो.

पण त्यात एक मेख आहे. कॉल सेंटरच्या हेडसेटची वायर अखंड नसते. छातीच्या उंचीवर एक जोड असतो. चहाला उठायचं झालं तर तो जोड सोडायचा आणि हेडसेट डोक्यावर ठेवूनच निघायचं. या जोडाला 'क्विक डिस्कनेक्ट', थोडक्यात क्यूडी म्हणतात. वरचा भाग हेडसेटबरोबर बाजारात येतो. खालचा भाग, म्हणजे फोनला लागणारी वायर, जुन्या ऑफिसच्या टेबलालाच राहते. म्हणून पुष्कळांच्या हातात अर्धाच हेडसेट पडतो.

खालची वायर वेगळी विकत मिळते. पण क्यूडीची मुख्य घराणी दोन, एक प्लँट्रॉनिक्सचं आणि एक जीएन म्हणजे जाब्राचं. दोन्ही दिसायला चुलतभाऊ, पण एकाचा जोड दुसऱ्यात बसत नाही. जीएन ही डेन्मार्कची कंपनी, १८६९ मध्ये तारायंत्राच्या धंद्यासाठी निघालेली. प्लँट्रॉनिक्स अमेरिकेतली, १९६१ मधली. नील आर्मस्ट्राँग १९६९ मध्ये चंद्रावरून बोलला तो याच कंपनीच्या हेडसेटमधून. पुढे तिचं नाव पॉली झालं आणि २०२२ मध्ये ती एचपीने घेतली. स्वस्त कंपन्यांचे पुष्कळ हेडसेट प्लँट्रॉनिक्सच्या धाटणीचा जोड वापरतात. वायर मागवण्याआधी आपल्या जोडाचा स्वच्छ फोटो काढून दुकानदाराला पाठवा. नावावर जाऊ नका, आकारावर जा.

अजून एक. ज्या हेडसेटची शेपटी यूएसबीची आहे, तो कॉम्प्युटरचा. ब्लूटूथवाला मोबाइलचा. साध्या टेबलफोनला हे दोन्ही थेट लागत नाहीत. तिथे शंभर रुपये कमी पडले तरी मोह आवरा.

पहिला प्रश्न: सॉकेट कोणतं?

फोन उलटा करून बघा. दोन प्रकारची सॉकेटं दिसतील. एक जरा रुंद, त्यात भिंतीकडून येणारी लाइन बसते. त्याला आरजे-११ म्हणतात. दुसरं अरुंद, त्यात रिसीव्हरची स्प्रिंगसारखी वायर बसते. बाजारात त्याला आरजे-९ म्हणतात, कुणी आरजे-१० किंवा आरजे-२२ सुद्धा म्हणतं. नावं तीन, वस्तू एकच. हेडसेटची पिन याच अरुंद घरातली.

आता सावधगिरीची गोष्ट. हेडसेटची अरुंद पिन लाइनच्या रुंद सॉकेटमध्ये सैलसर का होईना, शिरते. तसं कधीही करू नका. लाइनवर कायम ४८ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि घंटी वाजताना त्यावर ७५ व्होल्टच्या आसपासचा एसी चढतो. हेडसेटचा माइक दोन-चार व्होल्टांवर जगणारा जीव आहे. एका घंटीत तो कामातून जाऊ शकतो, आणि हेडसेट कानाला असेल तर तुम्हालाही झटका बसेल.

काही फोनना, विशेषतः ऑफिसातल्या आयपी फोनना, अरुंद सॉकेटं दोन असतात. एकावर रिसीव्हरचं चित्र, दुसऱ्यावर हेडसेटचं, आणि पुढे हेडसेटचं बटण. तुमचा फोन असा असेल तर निम्मं काम झालं. हेडसेट त्याच्या सॉकेटला लावा, फोन आला की बटण दाबा. काही घरगुती फोनना बाजूला छोटं गोल भोक असतं, ते बहुधा अडीच मिलिमीटरचं. मोबाइलच्या इअरफोनची पिन साडेतीनची, म्हणून ती तिथे जात नाही.

आणि फोनला हेडसेटचं सॉकेटच नसेल तर? अक्काचा फोन असाच, साधा बटणांचा. मग रिसीव्हरची वायर काढून तिच्या जागी हेडसेट जोडायचा. आजची खरी कसरत हीच आहे.

दुसरा प्रश्न: चार तारा कोणकोणाच्या?

आरजे-९ च्या पिनमध्ये चार सोनेरी पट्ट्या दिसतात. म्हणजे चार तारा. दोन कानाच्या स्पीकरच्या, दोन माइकच्या. बहुतेक फोनमध्ये मधल्या दोन कानाच्या आणि बाहेरच्या दोन माइकच्या असतात. पण 'बहुतेक' या शब्दावर भरवसा ठेवू नका. काही कंपन्या हे उलट करतात, काही तिसराच क्रम लावतात. पिनचा आकार ठरलेला आहे, आतला क्रम मात्र प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने ठरवला. रिसीव्हर फोनबरोबरच येतो, त्यामुळे बाहेरच्याशी जुळवून घ्यायची गरज त्यांना पडली नाही. म्हणूनच एका कंपनीच्या फोनवर नीट चालणारा हेडसेट दुसऱ्याच्या फोनवर मुका होतो. हेडसेटवाल्यांना हे ठाऊक आहे. जाब्राची जीएन-१२०० नावाची वायर येते, तिच्यावर आठ घरांचा एक खटका असतो. फोन जुळेपर्यंत एकेक घर पुढे सरकवत जायचं. अशी वायर जुन्या बाजारात मिळाली तर सोडू नका. पुढचं बरंचसं काम वाचेल.

ती नसेल तर जरा हिशेब करू. चार तारा चार जागी लावायच्या तर २४ प्रकारे लागतात. अंदाजाने लावत बसलात तर संध्याकाळ होईल. पण दोन्ही बाजूंना कोणती जोडी कानाची आणि कोणती माइकची एवढं कळलं की काय उरतं? कानाच्या स्पीकरला उलटसुलट चालतं. एक स्पीकर आहे, सरळ वाजला काय आणि उलट वाजला काय, कानाला फरक कळत नाही. माइकला मात्र अधिक-उणे लागतं. म्हणजे २४ पैकी उरले फक्त दोन प्रकार. एक नाही चालला तर दुसरा. आपल्याला डोकं फक्त जोड्या ओळखायला वापरायचं आहे.

तिसरा प्रश्न: माइक कोणत्या जातीचा?

जुन्या काळ्या, तबकडीच्या फोनमध्ये कार्बनचा माइक असायचा. एका डबीत कोळशाचे दाणे. बोललं की पडदा दाणे दाबतो, दाणे दाबले की वीज जास्त जाते, सुटले की कमी. एडिसनच्या काळापासून शंभर वर्षं जगाने याच्यावर गप्पा मारल्या. हा माइक दणकट, पण वीज भरपूर खातो.

नंतर आला इलेक्ट्रेट माइक. बेल लॅबमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये तो काढला. हरभऱ्याएवढा, स्वस्त आणि कानाचा तिखट. आजच्या बटणांच्या फोनमध्ये आणि बहुतेक हेडसेटमध्ये हाच असतो. याच्या पोटात एक छोटा ट्रान्झिस्टर आहे. त्याला दोन-पाच व्होल्टांचा खुराक फोनने द्यावा लागतो, तोही योग्य दिशेने. अधिक-उणे उलटं झालं की तो गप्प.

म्हणून नियम सोपा. फोन बटणांचा असेल आणि त्याच्या रिसीव्हरमध्ये छोटा इलेक्ट्रेट असेल, तर हेडसेट थेट जुळण्याची आशा आहे. रिसीव्हरचं तोंड उघडल्यावर रुपयापेक्षा मोठी धातूची डबी निघाली आणि कानाशी हलवल्यावर आत वाळूसारखं खुळखुळलं, तर तो कार्बन. तिथे मध्ये हेडसेटचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. त्याच्या खर्चापेक्षा साधा बटणांचा जुना फोन स्वस्त पडेल. आजोबांचा काळा फोन शोभेला राहू द्या.

आता जोडणी करू

सामान लिहून घ्या. बंद पडलेले दोन रिसीव्हर, भंगारवाल्याकडे मिळतात. एक स्प्रिंगची वायर. स्क्रूची कनेक्टर पट्टी, इलेक्ट्रिकच्या दुकानातली, चार घरांची. एक साधा मल्टिमीटर. आणि एक छोटी प्लास्टिकची डबी.

रिसीव्हर कशाला? तर फोनची वायर कापून सोलली की आत नेहमीची तांब्याची तार सापडत नाही. दोऱ्याभोवती गुंडाळलेली केसासारखी पातळ पट्टी निघते. वायर हजार वेळा ओढली तरी तुटू नये म्हणून ती तशी करतात. तिला डाग लागत नाही, दोरा जळतो आणि पट्टी हातात येते. त्यापेक्षा बंद रिसीव्हर उघडा. त्यात अरुंद सॉकेट बसवलेलंच असतं आणि त्याच्या मागे चार साध्या तारा असतात. त्या आतून कापून सॉकेट काढून घ्या. अशी दोन सॉकेटं काढा. एकाला 'हेडसेट' असं नाव द्या, दुसऱ्याला 'फोन'. आता कुठलीही चांगली वायर कापायची गरज नाही.

'हेडसेट' सॉकेटमध्ये हेडसेटची पिन लावा आणि हेडसेट कानाला घाला. मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि मागच्या तारांना दोन-दोन करून लावत जा. ज्या जोडीवर कानात बारीक 'टक्' ऐकू येईल, ती कानाची. मीटरवर तिथे काही दहा ते काही शे ओहम दिसतील. उरलेली जोडी माइकची. तिच्यावर मीटरची टोकं उलटी लावली की आकडा बहुधा बदलतो. काही वायरींच्या पोटात बारीक कंडेन्सर असतो, मग मीटर काहीच दाखवत नाही. घाबरू नका. कानाची जोडी सापडली ना, मग उरलेली माइकचीच.

आता 'फोन' सॉकेट. त्यात स्प्रिंगची वायर लावा, वायरीचं दुसरं टोक फोनच्या रिसीव्हरच्या जागी. लाइन जोडलेली असू द्या आणि रिसीव्हर उचलून बाजूला ठेवा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. ज्या दोन तारांमध्ये स्थिर असे काही व्होल्ट दिसतील, ती माइकची जोडी. मीटरवर उण्याची खूण न दिसता आकडा आला, तर लाल टोकाखाली अधिक आहे. त्या तारेला चिकटपट्टी लावून खूण करा. दुसऱ्या जोडीत आपापसांत दाब जवळजवळ शून्य असतो. खात्री करायची तर भंगारातला कानाचा स्पीकर त्या दोन तारांना टेकवा. डायल टोन ऐकू आला पाहिजे.

हे मोजमाप फोनच्या सॉकेटवर न करता वायरीच्या या टोकाला का केलं? कारण स्प्रिंगची वायर सहसा उलटी असते. एका टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकाला चौथी होते. जोड्या कायम राहतात, पण अधिक-उणे बदलतं. जिथे जोडायचं, तिथेच मोजायचं.

आता कनेक्टर पट्टीत कानाची जोडी कानाच्या जोडीला कसा. माइकची माइकला. रिसीव्हर उचला. डायल टोन आला? छान. माइकवर हळूच फुंकर मारा. स्वतःच्या कानात फुंकर ऐकू आली तर माइक चालू आहे. फोन आपलं बोलणं थोडंसं आपल्याला परत ऐकवतो, त्याचा हा फायदा. फुंकर ऐकू आली नाही तर माइकच्या दोन तारा अदलाबदल करून परत बघा. दोनच प्रकार उरले होते, आठवतंय ना? मग घरच्या मोबाइलवर फोन लावून दोन मिनिटं बोला आणि पलीकडच्याला विचारा.

अक्काच्या फोनवर दुसऱ्या प्रकाराने जमलं. पट्टी डबीत बसवली, डबी टेबलाखाली चिकटवली. पहिला फोन कोल्हापूरचा होता. तिने दोन्ही हातांनी रजिस्टर उघडलं आणि मान सरळ ठेवून तारखा लिहून घेतल्या. मुंग्या बऱ्या व्हायला नंतरही काही आठवडे लागले, व्यायामही करावे लागले. पण नोकरी टिकली.

एक इशारा. मोबाइलच्या इअरफोनला तारा कापून असंच जोडू नका. त्यात कान आणि माइक यांची एक तार सामाईक असते. टेबलफोनमध्ये दोन जोड्या वेगळ्या असतात आणि पुष्कळ फोनमध्ये कानाच्या दोन्ही तारा 'जिवंत' असतात. त्यातली एक माइकच्या उण्याला चिकटवली की घरघर येते, किंवा आवाजच बंद होतो. आणि फोन ऑफिसच्या मालकीचा असेल, ईपीएबीएक्सचा खास फोन असेल, तर तो सांभाळणाऱ्याला आधी विचारा.

फोन उचलायचा कसा?

हेडसेट जोडला तरी फोनला कसं कळणार की तुम्ही फोन घेतला? ते काम रिसीव्हरखालचा दांडा करतो. म्हणून फोन आला की रिसीव्हर उचलून बाजूला आडवा ठेवायचा, बोलणं झालं की परत जागेवर. तो बाजूलाच राहिला तर फोन दिवसभर एंगेज लागेल आणि गिऱ्हाइकं शेजारच्या लॉजमध्ये जातील. रिसीव्हर आपोआप उचलणारी यंत्रं मिळतात, पण ती ठरावीक बिनतारी हेडसेटबरोबर चालतात. अक्काला हाताने उचलणंच बरं वाटतं.

अजून अडलं तर

ऐकू येतं, पण बोललेलं जात नाही: हेडसेटच्या वायरीवरचं म्यूटचं बटण बघा. मग माइकच्या तारा अदलाबदल करून बघा.

काहीच नाही, ना ऐकू ना बोलू: बहुधा जोड्याच उलट्या लागल्या आहेत, कानाची माइकला आणि माइकची कानाला.

पलीकडे आवाज बारीक जातो: माइकची दांडी फिरवा. गोंगाट कापणाऱ्या माइकला पुढून आणि मागून भोकं असतात. पुढची बाजू तोंडाकडे हवी, तिच्यावर पुष्कळदा एक ठिपका असतो. ती उलटी झाली की माइक तुमचाच आवाज गोंगाट समजून कापतो. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर ठेवा, थेट तोंडासमोर नको.

पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो: कानाचा आवाज कमी करा. तो माइकमध्ये शिरतो आहे.

हालचाल केली की आवाज तुटतो: क्यूडीचे पत्रे कापडाने पुसा. तरी तुटत असेल तर वायर जिथे हेडसेटमध्ये शिरते तिथे ती आतून गेली आहे.

घेताना आणि वापरताना

जुना हेडसेट घेताना तो फोनला लावूनच बघू द्या म्हणावं. ते शक्य नसेल तर वायरीचं मूळ हलवून बघा, दांडी फिरवून बघा, आणि खालची वायर बरोबर मागून घ्या. घरी आणल्यावर कानाच्या गाद्या आणि माइकवरचा स्पंज फेकून द्या. नवे थोड्या पैशांत मिळतात, आणि दुसऱ्याच्या कानाचा घाम कशाला? प्लास्टिकचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड ओलसर करून पुसा. माइकच्या भोकावर काही फवारू नका. आणि पहिल्यांदा लावताना आवाज अगदी कमी ठेवून वाढवत जा. रिसीव्हर दचकल्यावर कानापासून लांब जातो, हेडसेट जात नाही.

तमिळमध्ये फोनला 'तोलैपेसी' म्हणतात. 'तोलै' म्हणजे लांब आणि 'पेसी' म्हणजे बोलणारं. आपला 'दूरध्वनी' तसाच. यंत्र लांबचं बोलतं खरं, पण ते काम दिवसभर करणारा माणूस जवळचा असतो. तुमच्या ओळखीत रिसीव्हर खांद्याला लावून जगणारं कुणी असेल तर हा भाग त्यांना दाखवा. तुमच्या फोनचं मॉडेल आणि हेडसेटच्या जोडाचा फोटो पाठवलात, तर तारांचा क्रम लावायला मी मदत करीन.

पुढच्या भागात बंद पडलेल्या रिसीव्हरमधून उरलेल्या सामानाचं काय करायचं, ते बघू.